पियानोच्या पोटातले आवाज: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ग्रँड पियानोचं झाकण उघडून थेट तारांवर, लाकडावर, फ्रेमवर वाजवायचं, आणि ते दुसऱ्या कुणालाही वाजवता येईल असं कागदावर उतरवायचं, या विषयावरच्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सप्तकांचे आकडे पाश्चात्त्य पद्धतीचे आहेत: कीबोर्डच्या मधला सी म्हणजे सी४. बोटाने दाबतो ती पट्टी. ज्या पाच रेघांवर लिहितो तो स्टाफ.

अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेलची ‘द बॅन्शी’ बसवायला घेतली आहे. स्टाफवर स्वर नेहमीसारखे दिसतात, पण वर ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. बसून वाजवायचं की उभ्याने? (वाचक, पुणे)

उभ्याने, आणि तेही कीबोर्डसमोर नाही. १९२५च्या या रचनेत वादक पियानोच्या उजव्या अंगाला, जिथे लाकूड आत वळतं त्या बाकात उभा असतो. दुसरी व्यक्ती स्टुलावर बसून उजवं पेडल पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबून धरते. पट्टी एकही दाबली जात नाही.

अक्षरं ए ते एल अशी बारा आहेत आणि प्रत्येक अक्षर म्हणजे हाताची एक कृती. ए म्हणजे सर्वांत खालच्या तारेपासून लिहिलेल्या स्वरापर्यंत बोटाच्या मांसल भागाने आडवं जायचं. बी म्हणजे लिहिलेल्या स्वराच्या तारेवरून लांबीच्या दिशेने बोट घासत न्यायचं. एफ म्हणजे तेच, पण नखाच्या पाठीने. एल म्हणजे आडवा फेरा सपाट तळव्याने. नोटहेड, म्हणजे स्टाफवरचं स्वराचं गोल डोकं, सांगतं कुठे, अक्षर सांगतं काय करायचं. शंभर वर्षं झाली तरी यापेक्षा स्वच्छ पद्धत फारशी कुणी काढलेली नाही. मात्र लिहिलेलं जवळजवळ सगळं एक सप्तक खाली वाजवायचं आहे, ती सूचना नजरेतून सुटू देऊ नका. सुटली की हात बिनवेष्टनाच्या पोलादी तारांवर जातो, आणि तिथे तो गुरगुरणारा आवाज येतच नाही.

कारण साधं आहे. खर्जाच्या तारांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. नख त्यावरून सरकतं तेव्हा प्रत्येक वेढ्याला अडखळतं. वेग वाढला की अडखळण्याची गती वाढते आणि आवाज वर चढतो. म्हणून सरावात वेगच ठरवून घ्यावा लागतो, जोर नव्हे. नुसता जोर वाढवला तर बोट सोलवटतं आणि तार मध्येच चिरकते.

बाकात उभं राहिल्यावर कीबोर्ड तुमच्या डाव्या हाताला येतो. खालच्या स्वरांकडून वरच्या स्वरांकडे जाणं म्हणजे लांबून स्वतःकडे येणं. आडव्या फेऱ्यात फ्रेमच्या लोखंडी दांड्या आड येतात. तिथे बोट उचलून पलीकडे ठेवावं लागतं. या दांड्यांच्या जागा प्रत्येक कंपनीच्या, किंबहुना प्रत्येक मॉडेलच्या पियानोत वेगळ्या असतात. एका पियानोवर सराव करून दुसऱ्यावर कार्यक्रम असेल, तर अर्धा तास तरी आधी पोहोचा.

पेडल धरायला कुणी नसेल तर सरावापुरतं पेडल पूर्ण दाबून, ते जिथून बाहेर येतं त्या खोबणीच्या वरच्या फटीत दाराला लावतात तशी रबरी पाचर बसवा. पेडलवर वीट ठेवू नका. ती घसरते, आणि पेडल सुटताना डँपर, म्हणजे तारांचा आवाज थांबवणारे फेल्टचे ठोकळे, एकदम तारांवर आपटतात.

माझ्या नव्या रचनेत मी चौदा नवी चिन्हं तयार केली आहेत. पियानिस्ट म्हणतात, वाचता येत नाही. प्रत्येक आवाजाला वेगळं चिन्ह असायला नको का? (संगीतकार, मुंबई)

नको. पियानिस्टची बाजू बरोबर आहे. नवं चिन्ह वादकाला पाठ करावं लागतं. शब्द वाचता येतो. एखादा आवाज रचनेत दोनदाच येत असेल, तर त्यासाठी चिन्ह कशाला? ‘नखाने छेडा’ असं त्या जागी लिहिलं की काम झालं. चिन्ह तेव्हाच काढावं जेव्हा तो आवाज पानामागून पान येत राहतो.

जी चिन्हं बऱ्यापैकी रूढ आहेत तीच आधी वापरा. चौकटच्या पत्त्यासारखं नोटहेड म्हणजे पट्टी आवाज न होऊ देता दाबणं. आर्नोल्ड शोनबर्गने पियानोसाठीच्या १९०९च्या ओपस ११च्या पहिल्याच तुकड्यात अशा मुक्या पट्ट्या मागितल्या आहेत. स्वरावर छोटं वर्तुळ म्हणजे हार्मोनिक, तारेला ठरावीक जागी बोट नुसतं टेकवून काढलेला वरचा उपस्वर. स्वरावर अधिकचं चिन्ह म्हणजे एका हाताने तार दाबून दुसऱ्याने पट्टी वाजवणं. जॉर्ज क्रम्ब तार छेडायला पिझिकाटो लिहून पुढे बोटाचं टोक की नख हे दोन-दोन अक्षरांत सांगतो. फुलीचं नोटहेड मात्र घोळाचं आहे. कुणी ते लाकडावर ठोकण्यासाठी वापरतं, कुणी दाबलेल्या तारेसाठी, कुणी वादकाच्या बोलण्यासाठी. वापरायचं तर एकाच अर्थाने, आणि तो अर्थ पहिल्या पानावर लिहून.

आता मुख्य गोष्ट. असा आवाज लिहिताना दोन वेगळ्या माहित्या असतात: हाताने काय करायचं आणि कानाला काय ऐकू यायचं. नेहमीच्या पियानोत त्या एकच असतात, म्हणून आपल्याला सवय नसते. तारेला हात लागला की त्या फुटतात. समजा तुम्ही स्टाफवर ई३ लिहून वर वर्तुळ काढलं. वादकाने ई३ची पट्टी वाजवून तिचा हार्मोनिक काढायचा, की ए१ची पट्टी वाजवून ई३ ऐकवायचा? दोन्ही वाचनं शक्य आहेत आणि दोन्हींचा परिणाम वेगळा. म्हणून मोठ्या नोटहेडने दाबायची पट्टी लिहा, आणि वर लहान आकारात, कंसात, प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर. जागा असेल तर तिसरा स्टाफ घ्या. एकच माहिती देता येत असेल तर कृतीची द्या. कृती बरोबर झाली तर आवाज बहुधा येतो. नुसता आवाज सांगितला तर वादक अंदाज बांधत बसतो.

बाकी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे पेडल, सुटका आणि वेळ. पेडल दाबलेलं नसेल आणि पट्टीही धरलेली नसेल, तर छेडलेली तार डँपरखाली मरते. पियानोच्या सगळ्यांत वरच्या दीडएक सप्तकाला डँपरच नसतात, त्यामुळे तिथलं छेडणं पेडलशिवायही घुमतं. ते नको असेल तर तळवा ठेवायला सांगावं लागतं. ‘इथून पुन्हा नेहमीसारखं’ हे लिहायला बरेच जण विसरतात आणि वादक पुढची अर्धी ओळ नखानेच छेडत राहतो. वेळेचं म्हणाल तर बसलेल्या वादकाला उठून, वाकून नेमकी तार शोधायला दोन-तीन सेकंद लागतात. हातात पट्ट्यांचा पॅसेज आहे आणि पुढच्याच सोळाव्या स्वरावर आतली तार छेडायची आहे, हे कागदावर सुंदर दिसतं, प्रत्यक्षात होत नाही. डावा हात आधीपासून आत आणि उजवा पट्ट्यांवर, अशी वाटणी केलीत तर होईल.

बंद पियानोवर ठोकायचं असेल तर स्टाफच्या रेघांना स्वरांऐवजी जागा द्या. जॉन केजच्या १९४२च्या ‘द वंडरफुल विडो ऑफ एटीन स्प्रिंग्ज’मध्ये पियानो झाकलेलाच राहतो, वादक बोटांनी आणि बोटांच्या सांध्यांनी लाकडाच्या वेगवेगळ्या भागांवर वाजवतो, आणि रेघ कुठली यावरून जागा कळते.

म्यूझस्कोअर या संगणकावर स्वरलेखन करायच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत असाल तर स्वर निवडून प्रॉपर्टीजमध्ये नोटहेड बदलता येतं, आणि मुक्या पट्टीसाठी तिथलीच ‘प्ले’ची खूण काढून टाकता येते. पण संगणकावरच्या प्लेबॅकवर काहीही ठरवू नका. छेडलेल्या तारेची लांबी, हार्मोनिकचा क्षीणपणा, पेडलमधली गर्दी, यातलं काहीच त्यात ऐकू येत नाही.

हार्मोनिक काढताना दर वेळी बोट चुकीच्या जागी पडतं आणि नुसता ‘ठक्’ आवाज येतो. मोजमापाची पद्धत सांगाल का? (पियानो शिक्षक, पणजी)

तारेची बोलणारी लांबी मोजा. कीबोर्डकडच्या टोकाला तार ज्या पितळी छिद्रातून किंवा दांडीखालून जाते तिथपासून साउंडबोर्डवरच्या (तारांखालच्या लाकडी फळीवरच्या) ब्रिजच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी घोडीच्या, पहिल्या खिळ्यापर्यंत. समजा ए१ची तार १२० सेंमी भरली. मध्यावर, म्हणजे ६० सेंमीवर, बोट टेकवून पट्टी वाजवली की ए२ ऐकू येतो. एक तृतीयांशावर, ४० सेंमीवर, ई३. एक चतुर्थांशावर, ३० सेंमीवर, ए३. एक पंचमांशावर, २४ सेंमीवर, सी शार्प ४. हा शेवटचा स्वर पियानोच्या त्याच पट्टीपेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. तानपुऱ्याच्या खर्जातून कान देऊन ऐकला तर जो स्वयंभू गांधार मिळतो तोच हा. सातवा हार्मोनिक, जी४च्या आसपास, ३१ सेंट उतरतो. तो ‘बेसूर’ वाटला म्हणून बोट सरकवत बसू नका.

पाचवा हार्मोनिक एक पंचमांशावर मिळतो तसा दोन पंचमांशावरही मिळतो. सहावा मात्र फक्त एक षष्ठांशावर किंवा पार दुसऱ्या टोकाला. दोन षष्ठांश म्हणजे एक तृतीयांशच, तिथे तिसरा निघेल. हे का सांगतो, तर पियानोत तारा एकमेकींवरून तिरक्या जातात. खर्जाच्या तारा मधल्या सप्तकाच्या तारांच्या वरून गेलेल्या असतात, त्यामुळे मधल्या कित्येक तारांचा मध्य झाकलेला असतो, काहींच्या आड फ्रेमची दांडी येते. अशा वेळी त्याच हार्मोनिकची दुसरी जागा आहे का ते बघायचं. नसेल तर स्वर बदला. संगीतकारांनीही हे लिहिण्याआधी पाहावं: हार्मोनिकसाठी सर्वांत भरवशाचा टापू म्हणजे ए१ ते साधारण ए२, आणि दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे हार्मोनिक. त्यापुढच्या हार्मोनिकची जागा इतकी अरुंद असते की कार्यक्रमाच्या घाईत बोट हमखास बाजूला पडतं.

‘ठक्’ येण्याची दोन कारणं. एक, बोट दाबलं जातं. टेकवायचं असतं, दाबायचं नसतं. दोन, बोट तिथेच राहतं. हातोडी आदळल्यावर लगेच बोट उचललं की हार्मोनिक मोकळा वाजत राहतो. एका पट्टीला दोन तारा असतील तर बोटाचं टोक दोन्हींवर एकाच रेषेत पडलं पाहिजे, नाहीतर एक तार मूळ स्वरात घुमते आणि दुसरीचा हार्मोनिक तिच्याखाली बुडतो.

खुणांसाठी डँपरच्या डोक्यांवर स्वरांची नावं लिहिलेले कागदी मास्किंग टेपचे बारीक तुकडे लावा. त्याने हवी ती तार सापडते. लांबीवरची जागा दाखवायला शेजारच्या लोखंडी दांडीवर टेप चालते. तारेवरच ठिपका चिकटवायचा मोह होतो. पाचव्या हार्मोनिकच्या जागेवरचा ठिपका त्या हार्मोनिकला अडवत नाही, कारण तार तिथे हलतच नाही. पण तीच तार पुढे नेहमीसारखी वाजवायची असेल तर बाकीचे सगळे उपस्वर तो दाबतो आणि आवाज मुका होतो. शिवाय डिंक वेढ्यांत राहतो.

मुक्या पट्ट्या दाबताना मध्येच एखादी वाजते. आणि मधलं पेडल दाबलं तरी काही टिकून राहत नाही. (वाचक, ठाणे)

पट्टी हळू दाबा, पण थांबत-थांबत नको. खाली जवळजवळ तळाशी एक बारीक अडथळा लागतो. तिथे हातोडी पट्टीच्या तंत्रातून सुटते. तो अडथळा वेगाने ओलांडला की हातोडी तारेपर्यंत पोहोचते. सगळी बोटं आधी पट्ट्यांना टेकवून, मनगटाचं वजन सोडून, तीन-चार पट्ट्या एकत्र खाली न्याव्यात. बोटागणिक दाबायला गेलात तर करंगळी नक्की घात करते. संगीतकारांनी यासाठी विश्रांतीची जागा द्यावी किंवा आधीचा मोठा आवाज अजून घुमत असताना दाबू द्यावं. त्यात चुकून झालेली टिकटिक लपते.

कानाची खात्री करायची तर सी२ची पट्टी मुकी दाबून धरा आणि सी३, जी३, सी४, ई४, जी४ एकेक करून तुटक, जोरात वाजवा. वाजवलेली पट्टी सोडल्यावर प्रत्येक वेळी सी२च्या तारेतून तो तो स्वर मागे राहिलेला ऐकू येईल. मग एफ शार्प ३ वाजवून पाहा: मागे जवळजवळ काही राहत नाही. बार्टोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’मधला १०२ क्रमांकाचा तुकडा हा खेळ शिकायला फार चांगला आहे.

मधल्या पेडलचा क्रम असा: आधी मुक्या पट्ट्या, मग मधलं पेडल, मग पट्ट्या सोडा, मग बाकीचं. हे पेडल दाबल्या क्षणी जे डँपर वर असतील तेवढेच धरून ठेवतं. त्या क्षणी उजवं पेडल दाबलेलं असेल तर सगळेच डँपर अडकतात आणि पुढे सगळा गोंगाट होतो. तुमचा पियानो उभा असेल तर बहुतेक उभ्या पियानोंत मधलं पेडल हे नव्हेच. ते हातोड्या आणि तारांमध्ये फेल्टची पट्टी सोडून आवाज दाबतं. डिजिटल पियानोंत महाग मॉडेलमध्ये अशा घुमण्याची नक्कल असते, स्वस्तात नसते. तिथे हाताच्या हालचाली पाठ करा, आवाजाबद्दल काही ठरवू नका.

स्क्रू-बोल्ट लावून ‘प्रिपेअर्ड पियानो’ करायचा आहे. पियानो बिघडतो का? घरच्या उभ्या पियानोवर जमेल का? (विद्यार्थिनी, नागपूर)

दुसऱ्याचं उत्तर आधी: उभ्या पियानोत स्क्रू नकोत. तारा उभ्या, समोर हातोड्यांचं यंत्र. सुटलेला बोल्ट सरळ यंत्रात पडतो. तिथे रबराची किंवा फेल्टची पाचर, कागदाची पट्टी एवढ्यावर थांबा.

ग्रँड पियानो नीट केलं तर बिघडत नाही. केजने १९४०च्या सुमारास सिएटलमध्ये ‘बॅकनाल’ लिहिताना हे सुरू केलं, कारण रंगमंचावर तालवाद्यांना जागा नव्हती. आधी त्याने तारांवर धातूची थाळी ठेवली. ती उड्या मारत सरकली. खिळे घातले, तेही निसटले. स्क्रू टिकले, कारण आटे तारांना धरून ठेवतात. आजही हाच नियम: जे आपल्या आकाराने अडकतं तेच वापरा, जे नुसतं ठेवलं जातं ते वाजवता वाजवता चालू लागतं.

साहित्य: एम३ ते एम६ जाडीचे, वेगवेगळ्या लांबीचे यंत्राचे स्क्रू, त्यांवर सैल बसणारे नट आणि वॉशर, खोडरबराच्या कापलेल्या पाचरी, जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. टोकदार लाकडी स्क्रू नकोत. तारांमधली फट पियानोगणिक आणि सप्तकागणिक बदलते, म्हणून एकच माप आणून भागत नाही. जिथे पट्टीला एकच तार असते त्या खालच्या टोकाला स्क्रू बसणार नाही. दोन किंवा तीन तारांचा भाग लागतो.

घालताना उजवं पेडल दाबा म्हणजे डँपर दूर होतात. दोन तारांमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकची पातळ पाचर हळूच घालून फट थोडी रुंद करा, स्क्रू उभा ठेवा, पाचर काढा, मग स्क्रू अर्धा-एक वेढा फिरवून बसवा. स्क्रूचं टोक साउंडबोर्डला टेकता कामा नये, आणि तो डँपरच्या वाटेत नको. जाड स्क्रू तारांना बाजूला रेटतो. काढल्यावर तो स्वर उतरलेला किंवा चढलेला सापडतो आणि ट्यूनरला बोलवावं लागतं. बारीक स्क्रू तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला उडतो. योग्य माप म्हणजे जोरात पाच-सहा वेळा वाजवूनही हलत नाही, पण बोटांनी काढता येतं.

केजच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मध्ये, १९४६ ते ४८, ४५ स्वरांवर अशी तयारी आहे. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक स्वरापुढे वस्तू, डावीकडून कुठल्या तारांमध्ये, आणि डँपरपासून किती इंच हे दिलेलं आहे. तयारीला दोन-तीन तास धरा. पण इंच डोळे झाकून पाळू नका. तुमच्या पियानोची तार तक्त्यातल्या पियानोपेक्षा लांब किंवा आखूड असेल तर तेवढ्याच इंचांवर वेगळा उपस्वर दाबला जातो आणि घंटेसारखा यायचा तो स्वर डबा वाजल्यासारखा येतो. तक्त्यावरून सुरुवात करा, मग स्क्रू मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत कानाने ठरवा.

एक कमी समजलेली गोष्ट डाव्या पेडलची. ग्रँडमध्ये ते दाबलं की हातोड्या उजवीकडे सरकतात आणि तिहींतली डावीकडची तार सुटते. स्क्रू दुसऱ्या-तिसऱ्या तारेत असेल तर पेडलशिवाय मूळ स्वर आणि बदललेला आवाज दोन्ही ऐकू येतात. पेडल दाबल्यावर फक्त बदललेला. म्हणजे एका पट्टीवर दोन आवाज. आपल्या रचनेत तक्ता देताना तारांचे क्रमांक लिहिले नाहीत तर हा सगळा फरक हरवतो.

ब्लू-टॅकसारखी लुकण हल्ली फार वापरली जाते. साध्या पोलादी तारेवर छान गोंगसारखा आवाज येतो. वेढ्यांच्या तारेवर लावू नका. तिचा तेलकट अंश आणि कण वेढ्यांत बसतात आणि ती तार कायमची मंद होते.

या सगळ्याचा भारतीय संगीताशी काही संबंध आहे, की ही निव्वळ पाश्चात्त्य टूम? (वाचक, कोल्हापूर)

संबंध आहे, आणि तो सुरुवातीलाच येतो. फ्रेंच संगीतकार मोरिस दलाज भारत पाहून गेला आणि त्याने ‘रागमालिका’ ही आवाज आणि पियानोची रचना केली. त्यात खर्जातल्या एका बी फ्लॅटच्या तारांखाली पुठ्ठा सरकवायला सांगितलं आहे, भारतीय तालवाद्याचा दबका ठोका यावा म्हणून. केजच्या आधीची ही गोष्ट. पुढे १९४६मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यू यॉर्कला गेल्या तेव्हा केजने त्यांच्याकडून भारतीय संगीत समजून घेतलं, आणि ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’च्या मागे आनंद कुमारस्वामींच्या लेखनातून आलेली रसांची कल्पना आहे. त्या स्क्रूंच्या आवाजांत राग शोधू नका मात्र. तो तिथे नाही.

हाताने, कोपराने वाजवायचे क्लस्टर, म्हणजे शेजारशेजारच्या अनेक पट्ट्या एकदम, कसे लिहावेत? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर लिहा आणि त्यांना जाड उभ्या रेघेने जोडा. छोट्या कालावधीला भरीव, अर्ध्या आणि पूर्ण कालावधीला पोकळ. वर नॅचरलची खूण म्हणजे फक्त पांढऱ्या पट्ट्या, शार्प किंवा फ्लॅट म्हणजे फक्त काळ्या, काहीच नसेल तर सगळ्या. ही कॉवेलची पद्धत. हात, मूठ की कोपरापासूनचा हात हे शब्दांत लिहा. प्रौढ माणसाच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातात साधारण दोन सप्तकं मावतात, त्याहून रुंद क्लस्टर एका हाताला देऊ नका. चार्ल्स आइव्ह्जने ‘कॉन्कॉर्ड सोनाटा’च्या ‘हॉथॉर्न’ भागात तर १४ पूर्णांक तीन चतुर्थांश इंच लांबीची फळी मागितली आहे, आणि ती आदळायची नाही, हळुवार दाबायची.

क्लस्टर ग्लिसांडो, म्हणजे क्लस्टर पट्ट्यांवरून घसरत नेणं, असेल, जसा स्टॉकहाउझनच्या दहाव्या क्लाव्हियरश्टुकमध्ये (पियानोच्या तुकड्यात), तर बोटं कापलेले हातमोजे घाला. उघड्या हाताने घामट त्वचा पट्टीला चिकटते, मग हात थांबतो आणि कातडी जाते.

नायलॉनच्या दोऱ्याने तार घासून व्हायोलिनसारखा लांब आवाज काढता येतो म्हणतात. खरं का? (वाचक, सांगली)

खरं. कर्टिस कर्टिस-स्मिथने १९७२मध्ये हे तंत्र आणलं, आणि स्टीफन स्कॉटने कोलोराडो कॉलेजमध्ये एकाच पियानोभोवती दहा जण उभे करून त्याचा अख्खा वाद्यवृंद केला. मासेमारीचा नायलॉन दोरा घ्या, त्याला व्हायोलिनची राळ चोळा, डँपर वर उचललेला असताना एका स्वराच्या सगळ्या तारांखालून ओवा, आणि दोन्ही टोकं धरून आलटून-पालटून ओढा. कार्यक्रमाआधी सगळे दोरे ओवून, टोकं फ्रेमच्या कडेला ओळीने ठेवायची. अंधारात ओवणं अशक्य आहे. आवाज लगेच उठत नाही, म्हणून स्कोअरमध्ये ठोक्यावर नव्हे, ठोक्याच्या थोडं आधी सुरू करायला लिहा. राळ तारांवर पांढरी साचते. ती नंतर अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. थेंब साउंडबोर्डवर किंवा डँपरच्या फेल्टवर पडू देऊ नका.

क्रम्बच्या ‘माक्रोकॉसमॉस’साठी माइक लागतोच का? आणि नोटेशन गोल-गोल आहे, वाचायचं कसं? (वाचक, मुंबई)

लागतो. रचना ‘अँप्लिफाइड पियानो’साठीच आहे. १९७२च्या पहिल्या खंडात तारांवर ठेवलेली हलकी धातूची साखळी, बोटांत घातलेली शिवणकामाची टोपणं असे आवाज आहेत, आणि हार्मोनिक तर इतके क्षीण की माइकशिवाय तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाहीत. साउंडबोर्डच्या खाली किंवा तारांच्या वर अगदी जवळ माइक लावा, पण पियानो मोठा करू नका. लहान आवाज ऐकू यावेत एवढंच. साखळीचं एक टोक फ्रेमला दोऱ्याने बांधा, नाहीतर ती घसरत जाऊन ब्रिजवर अडकते.

गोल, क्रूस, सर्पिल अशी पानं पहिल्या दोन खंडांत प्रत्येकी तीनच आहेत. पान फिरवत वाजवणं शक्य नाही. बहुतेक वादक ती पाठ करतात किंवा सरळ ओळीत नकलून घेतात. तारांपर्यंत हात जावा म्हणून म्यूझिक स्टँड काढावाच लागतो; टॅबलेट आणि पायाने पान उलटायचं पेडल, डाव्या बाजूला ठेंगण्या स्टँडवर, ही सोय सध्या सर्वांत बरी.

हॉलचे व्यवस्थापक तारांना हात लावू देत नाहीत. काय सांगावं? (वाचक, पुणे)

त्यांची भीती खोटी नाही. आपल्या दमट हवेत, कोकण-मुंबईत तर जास्तच, बोटांचा घाम पोलादावर गंज आणतो आणि तांब्याचे वेढे काळवंडतात. काय करणार ते कागदावर आधी द्या: कुठल्या स्वरांच्या तारांना स्पर्श, कुठली वस्तू, किती वेळ. हात धुऊन कोरडे करूनच वाजवणार, आडव्या फेऱ्यांचा सराव पातळ सुती हातमोजे घालून करणार, अंगठ्या-घड्याळ काढणार, आणि लगेच नंतर तारा कोरड्या मऊ फडक्याने लांबीच्या दिशेने पुसणार, हे लिहून द्या. ट्यूनरला हजर राहायचं आमंत्रण द्या आणि त्याचं मानधन तुमच्या खर्चात धरा. त्यापुढे नकार क्वचितच येतो. आत नेलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करा आणि बाहेर येताना ती मोजा. साउंडबोर्डवर विसरलेला एक वॉशर पुढच्या माणसाच्या शोपँमध्ये झणझणतो, आणि मग तो हॉल तुम्हालाच नव्हे, तुमच्यामागून येणाऱ्या सगळ्यांनाच बंद होतो.